उघड्या हातांच्या बातम्या

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. ज्यांना हाक मारायची वेळ सगळ्यात जास्त यायची ते आबा ठार बहिरे होते, आणि त्यांच्याशी वागता वागता आम्हा सगळ्यांचीच ती सवय सुटली होती. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अगदी लहानपणी तापात त्यांचे कान गेले, आणि बोलायला शिकायच्या आतच गेल्यामुळे वाचाही आली नाही. लग्न झालं नाही. ओसरीवरची खाट हे त्यांचं राज्य. त्यांना बोलवायचं तर जमिनीवर टाच आपटायची. सारवलेल्या मातीतून तो धक्का त्यांच्या खाटेच्या पायापर्यंत कसा पोचायचा कोण जाणे, पण ते वळून बघत. लांब असले तर भुईमुगाचं टरफल फेकायचं. माय चुलीपासून न उठता असा नेम धरायची की टरफल बरोबर त्यांच्या मांडीवर पडे, आणि आबा हसत हसत हात धुवायला उठत. परक्या माणसाला वाटे, काय ही बाई, थोरल्या दिराला टरफलं मारते. पण आमच्याकडे जेवायला बोलवायची तीच रीत होती.

खाणाखुणा घरच्या घरीच तयार झालेल्या होत्या. डाव्या तळहातावर उजवी मूठ दाणदाण आपटली की वांग्याचं भरीत, कारण आमच्याकडे भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचतात. बोटांच्या चिमटीतून काही भुरभुरवलं की शेवेची भाजी. कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, भाकरी असली की नुसती भाकरीची खूण करून तोंड वाकडं करायचं, कारण आबांना ती आवडत नसे आणि मायला तीच करायची असे. माणसांनाही खुणा होत्या. माय म्हणजे नाकाच्या फुलीवर बोट, माझे वडील म्हणजे मिशीचं टोक, आणि मी म्हणजे दोन वेण्या. वडिलांना मी भाऊ म्हणायची. भाऊ घरात आबांशी तासन्‌तास हातांनी बोलत, पण उंबऱ्याबाहेर पडले की हात खिशात घालत. लोक बघतात याची त्यांना लाज वाटे. बाहेर आबांचं म्हणणं सांगायचं काम माझ्याकडे आलं ते असं. मला लाज वाटत नव्हती, आणि बोलायची हौस तर जरा जास्तच होती.

आबांना बोलणं बंद करायचं असलं की ते डोळे मिटत. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला त्यातली धार कळायची नाही. भांडताना समोरचा गप्प बसला तर निदान तुमचं म्हणणं त्याच्या कानावर पडत असतं. आबांनी डोळे मिटले की तुम्ही त्यांच्यापुरते जगातच नसता. मायवर त्यांनी एकदा अर्धा दिवस डोळे मिटले होते, तर ती पदर तोंडाला लावून रडत बसली होती.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडपासून थोडं आत. आबा बैलांचे दलाल होते, आणि पंचक्रोशीत त्यांच्याइतका चांगला दलाल नव्हता. बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात, आणि त्या उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. चारी बाजूंना माणसं उभी असतात, पण आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. उघड्यावर बोट दाखवणं म्हणजे निव्वळ गावंढळपणा. तर अशा त्या बाजारात ऐकणारा आणि न ऐकणारा सारखेच. किंबहुना आबा वरचढच, कारण समोरच्याचं गोड बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. ते फक्त चेहरा वाचत. धुळ्याच्या बाजाराला जायचं असलं की आबा पांढरं धोतर, निळीतला सदरा आणि खांद्यावर ते उपरणं अशा थाटात निघत. मी मागे लागे, पण बाजारात माझी गरजच नसे. तिथे आबा मुके नव्हतेच.

गावात मात्र त्यांचं एका माणसाशी वाकडं होतं. आमचे सरपंच दौलत नाना. नानांनी एकदा आबांच्या हातून एक देखणा खिल्लारी बैल घेतला. तो बैल चालायचा झोकात, पण जू मानेवर ठेवलं की नांगराच्या तासातच फतकल मारून बसायचा. शेपूट पिरगाळा, पाणी मारा, उठायचं नाव नाही. नानांनी गावभर बोभाटा केला. आबांनी बैल परत घ्यायची तयारी दाखवली, तर नाना म्हणाले, माझी अब्रू परत घेणार का. तेव्हापासून आबांनी नानांसाठी एक खूण केली. कपाळावर दोन बोटांची शिंगं धरायची आणि गुडघे मुडपून मटकन बसायचं. ती इतकी हुबेहूब होती की बघता बघता कान शाबूत असलेली माणसंसुद्धा तीच खूण करायला लागली. पारावर दोघंजण बोलत असले आणि लांबून नाना दिसले की एकजण हळूच गुडघे मुडपे. बैल नाना कधीचे विसरले असते, पण ही खूण विसरणं शक्य नव्हतं.

मी सातवीत होते तेव्हा गावात सरकारी टी.व्ही. आला. धुळ्याहून जीपमधून, दोन झडपांच्या लाकडी कपाटात बसवलेला. आमच्या पंचायतीच्या खोलीवर लांबलचक पाइपाला एरियल लावलं. बरोबर आलेल्या तरुण साहेबांनी भाषण केलं की पाणी, रस्ता, शाळा यांच्याइतकीच माहिती ही माणसाची गरज आहे, म्हणून सरकारने हा संच सगळ्या गावाला दिलाय, शेवटच्या माणसापर्यंत तो पोचला पाहिजे. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेवटचा माणूस म्हणजे कोण हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. महिनाभरात पंचायतीचं छत गळतंय या कारणाने कपाट नानांच्या ओट्यावरच्या खोलीत गेलं आणि एरियल त्यांच्या घराच्या मातीच्या धाब्यावर चढलं. छत गळत होतं हे खरंच होतं. ते दुरुस्त झाल्यावरही टी.व्ही. परत आला नाही हेही खरं. नानांनी कुणाला अडवलं नाही, पोरंबाळं खुशाल जात. आबांना बोलावलं नाही आणि आबा गेले नाहीत, एवढंच.

एका रविवारी दुपारी मी तिथे बसले होते. एरवी त्या वेळी कपाट बंद असे, पण त्या दिवशी नानांकडे बैलबाजारातली चार माणसं जेवायला आली होती म्हणून त्यांनी ते उघडलं होतं. पडद्यावर एक बाई आली. तिच्या शेजारी कुणी बातम्या वाचत होतं, आणि ती बाई हातांनी बोलत होती. हातांनी. बोटं जुळवायची, उलगडायची, हनुवटीला लावायची, छातीशी आणायची, आणि चेहरा तर असा की आबांचाच. माझ्या अंगावर काटा आला. बाजाराची माणसं मात्र गदागदा हसायला लागली. त्यांच्या लेखी बोटं म्हणजे भाव. एकजण मांडीवर थाप मारून म्हणाला, “बाई उघड्यावर भाव सांगी राहिनी. उपरनं तरी टाक म्हना हातवर.” दुसरा गंभीरपणे बोटं मोजून त्या बाईने किती मागितले ते सांगायला लागला. नानाही हसले. मी उठले आणि घरापर्यंत पळत आले.

आबा खाटेवर पडले होते. मी टाच आपटली. आणि मग माझ्या लक्षात आलं की जे सांगायचंय त्याला आमच्याकडे खूणच नाही. टी.व्ही.ला आम्ही खिडकीची खूण करत होतो. मी खिडकी दाखवली, बाई दाखवली, हात हलवले, आबांकडे बोट केलं. ते आधी हसले. त्यांना वाटलं कुणी बाई बैलांचा सौदा करतेय. मी मान हलवून पुन्हा केलं. बाई, हात, तुमच्यासारखे, सगळे बघतात. मग भोळेपणाने मी शेवटचंही सांगितलं, सगळे हसतात. आबांचा चेहरा बदलला. होळीच्या सोंगांत गावची पोरं एक सोंग मुक्या आबांचं काढत असत, खांद्यावर उपरणं टाकून, तोंड वेडंवाकडं करून. आबा ते पाहून घरात निघून जात. त्यांना वाटलं, आता ते सोंग नानांच्या घरच्या खिडकीतही आलं, आणि ते आपल्याला करून दाखवतेय कोण, तर दोन वेण्या. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि डोळे मिटले.

चार दिवस गेले तरी त्यांचे डोळे माझ्यावर मिटलेलेच होते. मी समोर आले की मिटत, मी गेले की उघडत. मी किती रडले याचा हिशेब नाही. मायने आणि भाऊंनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला, पण त्या दोघांनी तरी ती बाई कुठे पाहिली होती? आबांना ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय माझं खरं ठरणार नव्हतं, आणि ती दिसायची फक्त नानांच्या घरात. भाऊ म्हणाले, तिथे ते मेले तरी जायचे नाहीत.

तेव्हा मी धुळ्याच्या त्या टी.व्ही.वाल्या साहेबांना अर्ज लिहिला. वहीचं मधलं जोडपान काढून, वर विषय घातला: “टी.व्ही. सर्व गावास पाहावयास मिळणेबाबत.” तो गुरुजींना दाखवला. आमचे गुरुजी सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी शुद्धलेखन सुधारलं आणि मग मला समोर बसवून म्हणाले, पोरी, गावात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, बाळंतपणाला बाई बैलगाडीतून सोनगीरला न्यावी लागते. सरकारकडे भांडायचं तर यासाठी भांडावं. टी.व्ही. ही चैन आहे, गरज नव्हे. मला उत्तर सुचलं नाही. अर्ज मात्र मी पोस्टात टाकला.

आता माझा मुक्काम जळगावला आहे. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्येच मी सगळी नोकरी केली, म्हणजे जन्मभर मी कानांचंच काम केलं. आमच्या कॉलनीतल्या बागेत संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी बसतो. मध्यंतरी तिथे वाद निघाला की सरकारने लोकांना टी.व्ही. फुकट द्यावेत का, असल्या गोष्टींची हमी घेणं हे सरकारचं काम आहे का. जो तो हिरिरीने बोलत होता. गुरुजींचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. आधी पाणी, हे कोण नाकारेल? फक्त गरज म्हणताना आपण कुणाची धरतो, एवढंच मला विचारायचं असतं, आणि ते सांगायला आबांपासून सुरुवात करावी लागते. बागेत तेवढा वेळ कुणाला नसतो.

साहेब खरंच आले. पुढच्या ग्रामसभेला, पंचायतीसमोरच्या लिंबाखाली. त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला आणि नानांना विचारलं की संच इथे का नाही. नानांचा चेहरा उतरला. आधी छताचं निघालं, मग पाण्याचं निघालं. गुरुजी आपलं म्हणणं बोलले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आबा नेहमीप्रमाणे मागे बसले होते. ते प्रत्येक ग्रामसभेला येत आणि चेहरे वाचत. मी बायकांमध्ये बसले होते. माझ्याकडे ते बघतच नव्हते. साहेब म्हणाले, तक्रार नेमकी कुणाची आहे? मी उठून आबांकडे बोट केलं.

नाना हसले. “भयराले टीव्ही कसाले पायजे, साहेब? त्याले ऐकू येत नही.”

लोकही हसले. मी घाबरले होते, पण गुरुजींसमोर न सुचलेलं उत्तर त्या हसण्यानेच तोंडात आलं. मी म्हणाले, “ऐकू येत नही म्हनीसनच पायजे. ज्यासले ऐकू येस त्यासले रेडिओ शे. आबाले काय शे?”

हसणं थांबलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. सगळ्या माना आबांकडे वळल्या, आणि आबांना फक्त एवढंच दिसलं की सबंध गाव आपल्याकडे बघतंय. पुन्हा सोंग. ते उठायला लागले. मी हात केले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात भाऊ उठले. म्हणाले, “मी सांगस त्यासले.” खिशातले हात त्यांनी बाहेर काढले, आबांपुढे जाऊन जमिनीवर टाच आपटली आणि आबांनी डोळे उघडल्यावर, सबंध गावादेखत, हातांनी बोलायला लागले. बायकांत माय बसली होती, तिने माझा दंड घट्ट धरला. भाऊंनी दोन वेण्या दाखवल्या, कागद दाखवला, साहेब दाखवले, खिडकी दाखवली. सोंग नाही, म्हणाले. पोरीने तुमच्यासाठी सरकारला लिहिलं, म्हणाले. शेवटी नानांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते अडखळले. सगळ्यांना कळलं ते का अडखळले. नानांनाही कळलं. भाऊंनी खूण न करता नुसतं बोटाने नानांकडे दाखवलं.

नाना म्हणाले, “टीव्ही बठ्ठा गावना शे. मी कव्हय नही म्हनं?” पण एवढ्याने भागणार नाही हे त्यांनाही समजत होतं. ते उठले, आबांसमोर गेले, आणि उजवा हात पुढे केला. आबांनी तो बराच वेळ पाहिला. मग खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. साहेबांना काही कळेना, त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं की हे काय चाललंय, आणि गुरुजींनी त्यांना थांबा म्हणून खुणावलं. उपरण्याखाली हात हलत होते. कधी हे मान हलवत, कधी ते. बाजारातल्या बोटांत नुसते आकडे असतात. त्या दोघांनी एवढा वेळ आकड्यांत काय बोलून घेतलं ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी आबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, म्हणजे सौदा झाला. टी.व्ही.चं कपाट दुसऱ्याच दिवशी पंचायतीत आलं.

त्या दिवशी संध्याकाळी आबांनी माझ्यासमोर डोळे उघडे ठेवले. जेवताना भाऊंनी नानांविषयी काही विचारलं आणि सवयीने कपाळावर शिंगं धरली. आबांनी त्यांचा हात खाली केला. मग स्वतःच्या डोक्यावर एक बोट उभं धरून वर दुसरं आडवं ठेवलं. एरियल. त्यानंतर नानांची तीच खूण झाली, आणि आबांनी बदलली म्हणताना हळूहळू गावानेही बदलली. एरियल आता नानांच्या धाब्यावर नव्हतं, पण खुणेचं काय, ती राहिली.

पुढचं आधीच सांगून टाकते. तो टी.व्ही. दीडेक वर्ष चालला, मग बिघडला. दुरुस्तीचं काम पंचायतीचं की सरकारचं यावर कागद फिरत राहिले, आणि कपाटात पुढे पंचायतीने सतरंज्या ठेवल्या. गावात घरोघरी टी.व्ही. आले ते नंतर. पण त्या दीड वर्षात आबांनी बहुधा एकही रविवार चुकवला नाही. त्या दिवशी ते बाजाराचे कपडे घालत. त्या बाईच्या काही खुणा त्यांनी उचलल्या आणि आम्हाला शिकवल्या. पाण्याची आमची खूण ओंजळीची होती. आबांनी तिची घ्यायला लावली, आणि मायने कुरकुरत का होईना घेतली.

तर तो पहिला रविवार. पंचायतीची खोली माणसांनी भरली होती, कारण आबा काय करतात हे सगळ्यांना बघायचं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. ती बाई आली, आणि हात बोलायला लागले. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, आबांकडे पाहत राहिले. मला वाटलं होतं त्यांना सगळं कळेल. त्यांना काहीच कळत नव्हतं. तिच्या खुणा वेगळ्या, आमच्या वेगळ्या. तिचं भरीत नव्हतं, टरफल नव्हतं, दोन वेण्या नव्हत्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ते पुढे वाकले, एकदा त्यांचे हात मांडीवरच थोडे हलले आणि थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं सगळं करून मी त्यांना आणखी एका न कळणाऱ्या भाषेपुढे आणून बसवलं होतं.

मग आबा माझ्याकडे वळले. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला, आणि हनुवटी वर करून पाचही बोटं हलवली. ही बाजारातली खूण. किती? मला आधी कळेना. त्यांनी पुन्हा केली. ती बाई कुणासाठी बोलतेय हे त्यांनी ओळखलं होतं. तिचं बोलणं कळलं नाही, पण उगाच कुणी हातांनी बोलत नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. कान गेलेली माणसं, किती आहेत?

सबंध आयुष्यात त्यांनी दुसरा बहिरा माणूस पाहिला नव्हता हे मला त्या क्षणी समजलं. मला आकडा माहीत नव्हता. मी दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आबा मोजत होते. मी थांबले नाही. उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते, माझे हात दुखायला लागले, आणि मागची माणसं हसत नव्हती. कुठेतरी आबांनी मोजणं सोडून दिलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या हातांवर टाकलं. बाजारात एका वेळी एकच हात धरतात. आबांनी उपरण्याखाली माझे दोन्ही हात धरले आणि बातम्या संपेपर्यंत सोडले नाहीत, त्यामुळे त्या दिवशी पुढचं मला त्यांना काहीच सांगता आलं नाही.